सात सीटर घेताय? आधी बारीक कटकटी वहीत मांडा

सात सीटर घ्यायची ठरली की घरात वाद कशावरून होतो, तर सनरूफ, रंग आणि मायलेज. आणि गाडी आल्यावर कुरकुर कशाची चालू होते, तर पार्किंगमध्ये दार पूर्ण उघडत नाही, आजीला मागे चढता येत नाही, सगळे बसले की डिकीत एक बॅग पण धड मावत नाही. ही दुसरी यादी ब्रोशरमध्ये नसते आणि शोरूममधला मुलगा तर ती काढणारच नाही. मी ठाण्यात राहतो, नात्यातल्या कुणाची गाडी घ्यायची वेळ आली की मला सोबत ओढतात, त्यातून जी एक पद्धत बसलीये ती इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, बिनकटकटीची गाडी शोधायची नाही, ती नसते. आपल्याला कुठल्या कटकटी चालतील एवढंच ठरवायचं असतं. प्रत्येक कटकटीपुढे तीन गोष्टी लिहा: आठवड्यातून किती वेळा होणार, त्रास कोणाला होणार, आणि नंतर पैसे टाकून सुटेल का. यातला मधला प्रश्न लोक गाळतात आणि तिथेच गणित चुकतं, कारण यादी बनवतो चालवणारा, म्हणजे बहुतेक घरात बाबा, आणि त्याच्या यादीत पिकअप, स्टिअरिंग, टचस्क्रीन असतं. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीशी घेऊन बसणारी आत्या काही बोलत नाही, "असू दे रे, चालतंय" म्हणते. न बोलणाऱ्या माणसाच्या त्रासाचं वजन दुप्पट धरा, हा माझा नियम आहे.

आता "किती वेळा" साठी अंदाज नको, मागच्या वर्षीचं कॅलेंडर घ्या. पाचपेक्षा जास्त माणसं एका गाडीतून खरंच कधी गेलात ते बघा. गणपतीला कोकणात, कुलदैवताला, एखादं लग्न, मे महिन्यात एखादी ट्रिप, बऱ्याच घरांचा हिशोब इथेच संपतो. तसं असेल तर तिसरी रांग वर्षभर पाडलेलीच राहणार आणि तुम्ही खरं तर मोठ्या डिकीची पाच सीटर घेताय, मग तिसऱ्या रांगेतल्या कटकटींना वजन कमी द्या. पण आईबाबा सोबत राहतात, दोन मुलं आहेत आणि दर रविवारी सगळे मिळून निघता, तर गणित बरोब्बर उलटं होतं, मग तिसरी रांग हीच मुख्य गाडी समजा आणि पुढचं डॅशबोर्ड वगैरे विसरा.

पार्किंग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो कारण ही कटकट दिवसातून दोनदा होते आणि पैशाने सुटत नाही. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, खारघरला, नवीन बिल्डिंगांमध्ये जिकडेतिकडे स्टॅक नाहीतर पझल पार्किंग आहे, म्हणजे मशीनने गाड्या एकावर एक खणांत ठेवणारं, आणि त्याचा खालचा खण बऱ्याचदा सेडान डोळ्यापुढे ठेवून बनवलेला असतो. एर्टिगाची उंची १६९० मिलिमीटर, कॅरेन्स १७०० च्या थोडी वर, इनोव्हा क्रिस्टा १७९५, म्हणजे सेडानपेक्षा वीतभर तरी जास्त. टेप घेऊन खाली जा, खांबापासून खांबापर्यंत रुंदी, प्लेटची लांबी, वरच्या बीमपर्यंतची उंची, सगळं मोजा आणि मशीनवर वजनाची मर्यादा लिहिलेली पाटी असते तिचा फोटो काढा. रूफ रेल आणि वरचा अँटेना उंचीत धरा, लोक तेच विसरतात. लांबीत ट्रायबर चार मीटरच्या आत, एर्टिगा ४.४ च्या आसपास, कॅरेन्स ४.५४, क्रिस्टा ४.७३५. कागदावर क्रिस्टा आणि एर्टिगात फूटभराचा फरक, पण मागे भिंत असेल तर त्याच फुटात डिकीचं दार उघडायचं असतं, आणि ते वर जाताना बाहेरच्या बाजूला येतं हे लक्षात ठेवा, नाहीतर रोज भाजीच्या पिशव्या मागच्या सीटवर.

रुंदीचं अजून वेगळं. गाडी बसते, माणूस बाहेर येत नाही. शेजारी दुसरी गाडी उभी असताना मागचं दार किती उघडतं ते बघा आणि तेवढ्या फटीतून लहान मूल कडेवर घेऊन बाहेर या, एकदाच करून बघितलं की समजतं. सरकतं दार असतं तर प्रश्नच नव्हता, पण आपल्याकडे सरकती दारं म्हणजे एका टोकाला ईको आणि दुसऱ्या टोकाला कार्निव्हल, जी पाच मीटरपेक्षा लांब आणि जवळजवळ दोन मीटर रुंद आहे, ती ठाण्याच्या अरुंद राम मारुती रोडला नेऊन दाखवा मग बोलू. मधल्या बजेटवाल्याला बाहेर उघडणारंच दार आहे, त्यामुळे सोसायटीत माणसं बाहेर उतरवून मग गाडी आत लावायची सवय होईल का, आणि पावसात पण जमेल का, हे घरात विचारून घ्या.

आता तिसरी रांग. शोरूममध्ये सगळे मधल्या रांगेत बसतात, सीट मागे ढकलतात, "वा, जागा आहे" म्हणतात आणि उतरतात. असं नाही करायचं. आधी पुढची सीट चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे लावा, मग मधली रांग तिथल्या माणसाला पुरेल एवढी, आणि मग उरलेल्या जागेत घरातल्या सगळ्यात उंच माणसाने मागे बसायचं, वीस मिनिटं, दारं बंद करून, फोन न बघता. गुडघे, डोकं आणि मांडीखालचा आधार बघा, कारण मागे सीट जमिनीपासून खाली असते, गुडघे वर येतात आणि मांडी हवेत राहते, तासाभरानंतर कंबर बोलायला लागते. शिवाय तिसरी रांग मागच्या चाकांवरच येते, म्हणून स्पीड ब्रेकरचा दणका पुढच्यापेक्षा जास्त लागतो, ज्याला गाडी लागते त्याला मागे पाठवू नका आणि घरात असे दोघं असतील तर आत्ताच लिहून ठेवा.

चढण्याउतरण्याचं तर आईलाच घेऊन जा. साडी नेसूनच. मधली सीट पुढे सरकवून फटीतून आत जाणं हे चाळिशीपर्यंत जमतं, गुडघेदुखीवाल्याला नाही. कॅरेन्समध्ये बटण दाबलं की मधली सीट आपोआप उलटते, काही गाड्यांत हँडल ओढून पाठ पाडून पुढे ढकलावी लागते आणि ते करायला बाहेर एक माणूस उभा लागतो. मधे दोन वेगळ्या सीटा असतील, म्हणजे कॅप्टन सीट, तर मधून वाट मिळते, पण एक माणूस कमी होतो आणि तीन मुलं मधे कोंबायची सोय जाते. आणि मुलाची चाइल्ड सीट आयसोफिक्सला, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या पक्क्या हुकांना, लावली असेल तर ती मधली सीट बहुतेक गाड्यांत उलटत नाही, म्हणजे मागे जायचा एक रस्ता कायमचा बंद. चाइल्ड सीट घरातूनच घेऊन जा शोरूमला आणि लावून बघा. सेल्सवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं, होऊ दे.

एसी दुपारी बघा, बाहेर उभ्या असलेल्या तापलेल्या गाडीत. मागे वेंट आहेत का एवढं विचारून भागत नाही, मागच्या ब्लोअरचा आवाज किती, त्याचं बटण कोणाच्या हाताला येतं, आणि मागे गार व्हायला किती वेळ लागतो ते मागे बसूनच कळतं.

डिकी. तिन्ही रांगा वर असताना एर्टिगाची २०९ लिटर, कॅरेन्सची २१६, ट्रायबरची ८४. हे आकडे पाठ करू नका, दोन बॅगा आणि पाण्याचा कॅन घेऊन जा आणि ठेवून बघा. ट्रायबरच्या मागच्या सीटा काढून घरी ठेवता येतात आणि मग ६२५ लिटर जागा होते, आयडिया मस्त आहे, पण वन बीएचकेमध्ये त्या सीटा कुठे ठेवणार, पलंगाखाली? ट्रायबरचं पैशाचं गणित मात्र चांगलं आहे, चार मीटरच्या आत आणि लहान पेट्रोल इंजिन म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, बाकी मोठ्या पेट्रोल-डिझेल सात सीटरना ४०. तेवढ्या वाचलेल्या पैशात कोकणाच्या ट्रिपला मोठी गाडी भाड्याने करता येते आणि बऱ्याच घरांना हाच हिशोब जास्त पटायला हवा, पण दारात मोठी गाडी दिसण्याला पण एक वजन असतं, ते मी कोणाच्या यादीतून काढू शकलो नाहीये.

मग येतो सीएनजीचा मुद्दा आणि इथे एक कटकट देऊन दुसरी घ्यायची असते. सीएनजी एर्टिगा कंपनीच्या आकड्याप्रमाणे किलोला २६.११ किलोमीटर, ठाणे ते बीकेसी रोज करणाऱ्याला मोह होणारच. पण ती ऑटोमॅटिकमध्ये मिळत नाही, म्हणजे माजिवडा ते कोपरी ट्रॅफिकमध्ये रोज क्लच, डिकीत सिलिंडर, पंपावर रांग, दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट, आणि पॉवर पेट्रोलवर १०३ पीएस तर सीएनजीवर ८८, जो फरक गावात कळत नाही पण सात माणसं आणि सामान घेऊन बोरघाट चढताना एसी चालू असेल तर नक्की कळतो. इथे वही उघडा: पंपाची रांग आणि क्लच रोजचे, घाट वर्षातून काही वेळा. म्हणून सीएनजी नाकारायचं असेल तर घाटासाठी नका नाकारू, डाव्या गुडघ्यासाठी नाकारा. आणि महिन्याचं रनिंग कमी असेल तर पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या आणि सुखात राहा, माझं मत.

काही कटकटी वहीत आल्या तरी लगेच खोडा. हॉर्नचा आवाज, टचस्क्रीन, कॅमेऱ्याची क्वालिटी, सीटचं कापड, सनशेड, मोबाईल ठेवायला जागा नाही, हे सगळं नंतर बाहेरून सुटतं, वॉरंटी आणि वायरिंगला हात न लावता करा म्हणजे झालं. टोल पण खोडा, अजून लोक विचारतात सात सीटरला जास्त पडतो का, तर टोल गाडीच्या वर्गावर असतो, सीटवर नाही, घरगुती सात सीटर कारच्याच रांगेत. आणि ऐरोली, वाशी, मुलुंडला हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून बंदच आहे, अटल सेतूवर मात्र कारला एका फेरीचे २५० आहेतच.

एक कटकट जी कुठल्याच रिव्ह्यूत नाही: पांढरी एर्टिगा घेतलीत तर लोक तुम्हाला टॅक्सीवाला समजणार. ठाणे स्टेशनला कोणाला घ्यायला थांबलात की दोन जण ओटीपी सांगत दार उघडतात, मॉलचा वॉचमन कॅबच्या लेनकडे हात दाखवतो, सासरेबुवा एकदा चिडले की आयुष्यभर तेच सांगतात. हसण्यावारी नेता येत असेल तर वजन शून्य, नसेल तर दुसरा रंग घ्या, फुकटात सुटणारी कटकट आहे.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता तुम्ही ठरवा. नवी मुंबईत शोरूमवाले पाम बीचच्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर नेतात, पाम बीचवर बैलगाडी पण चांगली वाटेल. त्यांना सांगा की आधी आमच्या सोसायटीत न्यायची, रॅम्पवर उलटी घ्यायची, आमच्या खणात लावायची, मग वाशी सेक्टर ९ च्या गर्दीतून नाहीतर एपीएमसीच्या ट्रकांच्या मागून फिरवायची. ठाण्यात असाल तर घोडबंदरचा सर्व्हिस रोड, एखादा अरुंद यू टर्न, आणि गोखले रोड संध्याकाळी. यू टर्न एका दमात होतो का हे रोजचं दुखणं आहे, ते बघाच. गाडीत किमान पाच माणसं भरा, रिकामी सात सीटर आणि भरलेली सात सीटर या दोन वेगळ्या गाड्या असतात, ब्रेक पण वेगळा लागतो. भरून नेताना टायरची हवा पण जास्त लागते, त्याचा आकडा चालवणाऱ्याच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, तेव्हाच बघून ठेवा. काही गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असते, पावसात ती काढायची कशी ते पण आत्ताच विचारून घ्या.

शोरूमची ड्राइव्ह काही तेवढी लांब नसते, म्हणून ज्या दोन गाड्यांवर अडलाय त्या सेल्फ ड्राइव्हवाल्यांकडून, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली, शनिवार रविवार भाड्याने घ्या. काही हजार जातील. सगळ्यांना घेऊन लोणावळा नाहीतर अलिबागला जाऊन या, जाताना प्रत्येकाने दर तासाला जागा बदलायची, मुलांनाही मागे बसवा आणि तुम्हीही बसा. घरी आल्यावर लगेच विचारू नका, दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी प्रत्येकाकडून एकच तक्रार मागा. पहिली जी तोंडात येते ती खरी, बाकी भर असते.

मग वहीत जे उरलं त्यातून रोज होणारी आणि पैशाने न सुटणारी कटकट एकीकडे घ्या. अशा दोनपेक्षा जास्त निघाल्या तर ती गाडी कितीही आवडली असली तरी सोडा, एक निघाली तर घरात मोठ्याने बोलून ठरवा की ही आपण झेलणार, म्हणजे पुढे कोणी "मी तेव्हाच सांगत होतो" म्हणणार नाही (म्हणतीलच, पण कमी). आणि बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसमधून तुमचा पार्किंगचा खण आणि मशीनची उंची-वजनाची मर्यादा लेखी घ्या, सेक्रेटरी टाळाटाळ करत असेल तर मेल टाका, उत्तर येईपर्यंत शोरूमचा "ऑफर आजच संपतेय" वाला फोन उचलायचा नाही.