शेतीच्या प्रश्नोत्तरांतले चुकलेले टॅग कसे दुरुस्त करावेत

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांनी चालवलेल्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर भुरी या बुरशीच्या रोगासाठी 'भुरी', 'भूरी' आणि 'भुरि' असे तीन टॅग (प्रश्नाला लावलेली विषयाची खूणचिठ्ठी) झाले, की जुनी उत्तरंही तीन जागी विखुरतात. गोडी बहार छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) घाईत शोधणाऱ्याला त्यातली एकच जागा सापडते. म्हणून ही साफसफाई छाटणीच्या हंगामाआधी उरकलेली बरी.

सगळे टॅग आणि प्रत्येकाखालच्या प्रश्नांची संख्या स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. मूळ यादीची एक प्रत बाजूला ठेवा, कारण एकदा विलीन केलेले टॅग पुन्हा वेगळे करणं फार अवघड असतं. मग यादी अकारविल्हे लावा. एकदोनदाच वापरलेले टॅग आधी तपासा, बहुतेक चुका तिथेच निघतात. पण जास्त वापर म्हणजे शुद्ध रूप असं धरून चालू नका. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की त्याआधीचा उकार ऱ्हस्व, म्हणून 'भुरी' बरोबर, 'भूरी'खाली कितीही प्रश्न असोत.

काही टॅग डोळ्यांना अगदी सारखे दिसतात, तरी यंत्राला वेगळे वाटतात. 'ॲ' हे एक अक्षर म्हणूनही टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. युनिकोडच्या (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) नेहमीच्या सामान्यीकरणाने, म्हणजे सारखी रूपं एक करण्याच्या सोयीने, हे दोन्ही एक होत नाहीत, ते आपणच बदलावे लागतात. शब्दात लपलेला शून्य-रुंदीचा जोडक किंवा विलगक, म्हणजे अक्षरं जोडणारं किंवा वेगळी ठेवणारं न दिसणारं चिन्ह (युनिकोड क्रमांक ८२०५ आणि ८२०४), हीदेखील नेहमीची अडचण. लांबी मोजून पाहा: 'भुरी'ची चार यायला हवी, पाच आली तर काहीतरी लपलंय. स्प्रेडशीटमधली ट्रिम किंवा क्लीन ही सूत्रं असे जोडक काढत नाहीत, क्रमांक देऊनच ते बदलावे लागतात. मात्र सरसकट काढू नका. 'पांढऱ्या-मुळ्या'मधला अर्धा र जुन्या पद्धतीने र, हलन्त आणि जोडक असा टंकलेला असतो. जोडक गेला की त्याचं 'पांढर्या' होतं. आधी त्या तिन्हींच्या जागी 'ऱ्' घाला, उरलेले जोडक नंतर काढा.

आता प्रत्येक जोडी नीट पाहून ठरवा. इथे संगणकापेक्षा बागेची माहिती कामाला येते. 'छाटनी' ही निव्वळ चूक, ती 'छाटणी'त विलीन करा. 'केवडा' आणि 'डाऊनी' ही द्राक्षावरच्या एकाच रोगाची दोन नावं आहेत. इथे चूक कुणाचीच नाही, एक मुख्य ठेवून दुसरं समानार्थी म्हणून जोडा. पण केवडा बाजरीवरही येतो, तेव्हा जोडण्याआधी त्या टॅगखालचे प्रश्न पिकानुसार वेगळे करा. करपा या रोगाचंही तेच: द्राक्षावरचा वेगळा, कांद्यावरचा जांभळा करपा वेगळा, तिथे 'द्राक्ष-करपा' आणि 'कांदा-करपा' असे दोन हवेत. भुरी आणि डाऊनी तर चुकूनही एकत्र करू नका. गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर नाही, आणि चुकीच्या यादीतलं उत्तर वाचून फवारणी केली तर पीक हातचं जातं.

बदलताना 'शोधा आणि बदला' पूर्ण टॅगवरच चालवा. 'करप'चं 'करपा' करायला गेलात आणि शब्दाचा भाग जुळला, तर आधीच बरोबर असलेल्या 'करपा'ला दुसरा काना चिकटतो. एखाद्या प्रश्नावर चुकीचा आणि बरोबर असे दोन्ही टॅग असतील, तर बदलानंतर तोच टॅग दोनदा येतो. तो एकदाच राहील असं बघा. प्रश्नाच्या मजकुराला हात लावू नका, तो विचारणाऱ्याचा आहे.

विलीन करण्याची सोय असेल तर तीच वापरा. हाताने एकेक प्रश्न संपादित केला, की बऱ्याच ठिकाणी तो नव्यासारखा वर येतो आणि आजचे प्रश्न खाली ढकलले जातात. हातानेच करावं लागलं, तर रोज थोडे थोडे करा.

चुकीचं रूप पुसून टाकू नका, समानार्थी म्हणून ठेवा. मोबाइलवर 'छाटनी' टंकणारे पुढेही असणारच, त्यांना थेट 'छाटणी'ची यादी मिळाली पाहिजे. शेवटी प्रत्येक चुकीचं रूप शोधात टाकून पाहा. जुनीच यादी आली तर शोधाची अनुक्रमणिका (शोध ज्यावरून चालतो ती संकेतस्थळाची आतली यादी) पुन्हा तयार करा.