बंद घराचा पहारा: कौलारू घरात अलार्म कसा बसवावा

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांना थेट शिमग्यापर्यंत कुलूप असते. अशा घरात अलार्म बसवताना शहरातल्या फ्लॅटचा हिशेब चालत नाही, कारण फ्लॅटला एकच दार असते आणि भिंतीला भिंत लावून शेजारी राहतो. इथे पुढचे दार, मागील दार, पडवीचे दार आणि हाताने उचलता येणारी कौले असतात, आणि शेजारचे घर माडांपलीकडे असते. म्हणून यंत्र कसे चालते ते आधी समजून घ्यावे आणि मगच पैसे खर्चावेत, असा माझा आग्रह आहे.

दारावर बसतो तो सेन्सर फार साधा आहे. काचेच्या बारीक नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात. त्यांची टोके एकमेकांवर येतात, पण टेकत नाहीत. लोहचुंबक जवळ आला की त्या चिकटतात आणि प्रवाह सुरू होतो, चुंबक दूर गेला की सुटतात. नळी चौकटीवर आणि चुंबक दाराच्या फळीवर बसवायचा असतो. वॉल्टर एलवुड यांनी १९३६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवलेली ही रचना आपल्या किनाऱ्याला विशेष मानवते, कारण पट्ट्या काचेत बंद असल्याने खारा वारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. गंजतात ते बाहेरचे स्क्रू आणि वायरींची टोके. दोन भागांत साधारण एक सेंटिमीटरचे अंतर ठेवावे. मात्र फणसाची किंवा सागवानी फळी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मे महिन्यात नेमके जुळवलेले अंतर ऑगस्टमध्ये बदललेले आढळते. जोडणी पक्की करण्यापूर्वी दार कडीसह हलवून पाहावे. वाऱ्याने दार खडखडले आणि सेन्सर सुटला, तर भोंगा विनाकारण वाजेल.

कापडाच्या मोठ्या दुकानातून बाहेर पडताना दाराशी दोन खांब असतात आणि कपड्यावरचा टॅग काढायचा राहिला तर ते वाजू लागतात, हे अनेकांनी पाहिले असेल. त्यांपैकी एका प्रकारात खांब सेकंदाला ५८ हजार कंपनांचे चुंबकीय ठोके सोडतात. टॅगमधली धातूची पट्टी त्या ठोक्याने थरथरते आणि ठोका थांबल्यावरही क्षणभर थरथरत राहते. ती थरथर खांबाला जाणवली की इशारा होतो. म्हणजे दुकानात उत्तर आले की भोंगा वाजतो. घरात नेमके उलटे असते: दार बंद असताना प्रवाह सतत चालू राहतो, आणि तो थांबला की पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडलेले असतात तो अलार्मचा मुख्य डबा, ओरडते. म्हणूनच कोणी वायर कापली तरीही ते ओरडते. वायरिंग करणाऱ्याला ‘बंद सर्किट’ पद्धतीनेच जोडणी करायला सांगावे आणि काम झाल्यावर आपल्यासमोर एक वायर सोडून दाखवायला लावावी. उंदराने वायर कुरतडली तरी अशा जोडणीत ते त्याच रात्री कळते.

कौले काढून आत उतरणाऱ्याला दाराचा सेन्सर ओळखत नाही. त्यासाठी माजघरात हालचाल टिपणारा सेन्सर हवा. तो स्वतः कोणताही किरण सोडत नाही. माणसाच्या शरीरातून निघणारी उष्णता तो भिंगातून पाहतो आणि ती उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की इशारा देतो. यातून तीन गोष्टी ठरतात. पहिली, तो सुमारे सात फुटांवर असा बसवावा की येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. सरळ अंगावर चालत येणारा त्याला उशिरा दिसतो. दुसरी, छपराला काचेचे कौल असेल तर त्यातून पडणारा उन्हाचा कवडसा सेन्सरच्या टप्प्यात येऊ देऊ नये, कारण तापलेली जमीन आणि कौलांखालून येणारा वारा मिळून त्याला फसवतात. तिसरी, एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या खोलीची हवा अंगाच्या उष्णतेइतकी तापली की माणूस आणि भिंत यांतला फरकच उरत नाही आणि सेन्सर मंद होतो. म्हणून तो पत्र्याच्या पडवीत न बसवता कौलांखालच्या गार माजघरात बसवावा.

पावसाळ्यानंतर उघडलेला असा एक सेन्सर माझ्या डोळ्यांसमोर आजही आहे. झाकणाच्या आत पालीची दोन पांढरी अंडी होती, शेजारी मुंग्यांनी आणलेली माती होती आणि तांब्याच्या टोकांवर हिरवा थर चढला होता. वायर जिथून आत शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवले असते तर यातले काहीही झाले नसते. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि तरी ते हमखास राहून जाते. टोकांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा.

बिनतारी सेन्सर घ्यायचे असतील तर जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत लक्षात घ्यावी. पावसात भिजलेली भिंत लहरी आणखी अडवते, म्हणून पॅनल घराच्या मध्यावर ठेवून चाचणी भर पावसात घ्यावी.

विजेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात होती. पॅनलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनल आणि सेन्सर मिळून १५० मिलिअँपिअर घेत असतील तर कागदावर ती ४६ तास पुरते. जुनी झाल्यावर त्याच्या निम्मेही धरू नयेत. शिवाय अशी बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडून राहिली की पुन्हा पुरती भरत नाही. वादळानंतर वीज आली तरी शेजाऱ्यांना पॅनलवरचा दिवा पाहायला सांगावे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते, त्यासाठी मेन बोर्डात सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा अचानक आलेला जादा दाब जमिनीत वळवणारे उपकरण, आणि चांगले अर्थिंग हवे. जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होते, म्हणून मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतावे.

पॅनलमध्ये सिमकार्ड टाकण्यापूर्वी ते कोणत्या जाळ्यावर चालते ते विचारावे. स्वस्त पॅनल बहुधा फक्त २जीवर चालतात आणि जिओचे २जी जाळेच नाही, त्यामुळे त्यात ते कार्ड चालणार नाही. रिचार्जची मुदत संपण्याची तारीख मुंबईतल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. पॅनलमध्ये पहिला नंबर शेजाऱ्यांचा, दुसरा आपला आणि तिसरा, आधी विचारून, पोलीस पाटलांचा ठेवावा. ११२ हा क्रमांक यंत्रात घालू नये. मांजराने वाजवलेल्या भोंग्यासाठी पोलिसांची गाडी निघू नये. शेजाऱ्यांनी लांबून पाहावे, एकट्याने आत जाऊ नये, आणि दार उघडे किंवा कौल सरकलेले दिसले की स्वतः ११२ लावावा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण चाचणी घ्यावी. अलार्म चालू करून प्रत्येक दार उघडावे, माजघरातून आडवे चालावे आणि शेजारी फोन करून विचारावे, “वहिनी, भोंगा तुमच्या पडवीत ऐकू येतो का हो?” मग मेन स्विच बंद करून हीच फेरी बॅटरीवर पुन्हा करावी. दुसऱ्या फेरीत आवाज क्षीण झाला तर बॅटरी बदलूनच घर बंद करावे आणि नवीन बॅटरीवर तारीख पक्क्या शाईने लिहावी.