अॅनिमेशनपटावर आधारलेले सुपरहिरो कॉमिक मुलांसोबत कसे वाचावे

जो अॅनिमेशनपट मुलाला तोंडपाठ असतो, त्याच्यावरचे कॉमिक हाती दिले तर ते भराभर पाने उलटते आणि पुन्हा चित्रपटच लावा म्हणते. यात मुलाचा दोष नाही. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून सरकतात. २२ पानांच्या अंकात पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या, तर सगळी मिळून ११० चित्रे होतात, म्हणजे पाच सेकंदांच्या चित्रपटाइतकीही नाहीत. उरलेली हालचाल, आवाज आणि वेळ वाचणाऱ्याने मनात निर्माण करायची असते आणि ते कसे करायचे हे मुलाला कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते.

अंक निवडताना तो चित्रपटाचीच गोष्ट पुन्हा सांगतो की त्याच पात्रांची नवी गोष्ट रचतो, हे आधी पाहावे. माझे मत नव्या गोष्टीच्या बाजूचे आहे, कारण पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक नसते. ‘द इन्क्रेडिबल्स’ हा एका सुपरहिरो कुटुंबावरचा चित्रपट २००४ साली आला आणि २००९ साली मार्क वेड यांनी लिहिलेल्या कॉमिकमध्ये त्या कुटुंबाची पुढची गोष्ट आली. तीत बाबांची शक्ती ओसरू लागते आणि ते ही गोष्ट घरच्यांपासून लपवतात. मोठी माणसे दुखणे सांगत नाहीत, हे लहान मुलांनाही कळते, त्यामुळे अशी कथा त्यांना मारामारीपेक्षा जास्त धरून ठेवते. अंक मुलासमोर ठेवण्यापूर्वी स्वतः एकदा पूर्ण वाचावा. मुखपृष्ठावरून आतल्या हाणामारीचा अंदाज येत नाही.

वाचताना पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवावे, चालू चौकटीवर बोट ठेवावे आणि पान उलटण्याचे काम मुलाकडे द्यावे. चौकटी डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचायच्या, चौकटीतले संवादाचे फुगेही त्याच क्रमाने. गुळगुळीत कडेचा फुगा म्हणजे साधे बोलणे, ढगासारखा म्हणजे मनातला विचार, काटेरी कडेचा म्हणजे ओरडणे, तर चौकोनी पट्टीत बहुधा निवेदन असते. विचाराचा फुगा हळू आवाजात वाचला की हा फरक समजावून सांगावा लागत नाही. अंक इंग्रजीत असेल, तर शब्दाला शब्द न लावता ते पात्र मराठीत जसे बोलले असते तसे बोलावे आणि ‘धाडकन’, ‘सुर्रकन’ हे आवाज मुलालाच काढू द्यावेत.

खरे थांबायचे ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत. एका चौकटीत मूठ उगारलेली असते आणि पुढच्या चौकटीत खलनायक जमिनीवर पडलेला असतो. मधला ठोसा कोणी काढलेलाच नसतो. तिथे “मध्ये काय झालं असेल?” एवढेच विचारावे आणि मूल जे सांगेल ते ऐकावे, दुरुस्त करू नये. असा प्रश्न पानाला एखाद्या वेळीच यावा, नाहीतर वाचनाची परीक्षा होते.

सुपरहिरोंच्या शक्ती दाखवताना चित्रकाराची कसोटी लागते, म्हणून त्या चौकटींवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘द इन्क्रेडिबल्स’मधला वेगाने धावणारा मुलगा स्थिर चित्रात कसा धावणार? कधी त्याच्या मागे रेषांचा झोत ओढलेला असतो, तर कधी एकाच चौकटीत त्याच्या अनेक आकृती दिसतात. ताणली जाणारी आई एका चौकटीतून हात लांबवून पुढच्या चौकटीत पोहोचू शकते. पडद्यावर हे सहसा दिसत नाही, कारण तिथे बहुधा शेजारची चौकट नसते. अदृश्य होणारी मुलगी तुटक रेषांनी सुचवता येते. या युक्त्या मुलाने स्वतः शोधाव्यात, यासाठी आपण आधी बोलू नये.

उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत उत्कंठा ताणून ठेवून धक्का पान उलटल्यावर देण्याची पद्धत आहे. तिथे क्षणभर थांबून मुलाला अंदाज करू द्यावा.

अंक संपल्यावर कोरा कागद घेऊन त्याच्या चार चौकटी कराव्यात आणि चित्रपटातला मुलाचा आवडता प्रसंग त्यांत काढायला सांगावे. चित्रे कशी येतात याला महत्त्व नाही. कोणते चार क्षण ठेवायचे आणि कोणते कोऱ्या जागेत सोडायचे, हे त्याने ठरवायचे आहे.