परदेशात म्युझियम बघायला जाताय? आधी वार बघा

मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जाणाऱ्या ओळखीच्या तीन घरांनी मला एकच गोष्ट विचारली, म्युझियमसाठी तयारी काय काय करायची ते सांग. फोनवर तीनदा सांगून झालं, आता एकदाच लिहून टाकते. आणि बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच घेऊन जा, वार बघा. तारीख नाही म्हणत आहे मी, वार. सोमवार, मंगळवार, तो वार.

आमचं काय झालं ते सांगते म्हणजे मी एवढी मागे का लागून राहिली ते कळेल. माझे बाबा नागपुरात शाळेत ड्रॉइंग टीचर होते, आयुष्यभर पोरांना एलिमेंट्री, इंटरमिजिएटला बसवलं, आणि एका चित्राचं मासिकातलं कात्रण त्यांच्या पाकिटात मी लहान असल्यापासून आहे, घड्या पडून पडून मधे पांढरी रेघ आलेली. ते चित्र प्रत्यक्ष दाखवायचं म्हणूनच ती ट्रिप काढली होती. म्युझियमचं नाव लिहीत नाही, त्यांची काहीच चूक नव्हती. त्या शहरात आमचे दोन दिवस होते, पहिल्या दिवशी शहर फिरलो, दुसरा दिवस पूर्ण म्युझियमला ठेवला, तिसऱ्या दिवशी पहाटे परतीचं विमान. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात पोचलो तर सगळं सामसूम, रांग नाही काही नाही, मला वाटलं वा, लवकर आलो. मग पाटी दिसली. साप्ताहिक सुट्टी.

बाबा काही बोलले नाहीत. जाळी धरून थोडा वेळ आत बघत उभे राहिले, मग समोरच्या बाकावर बसले आणि खिशातून हॉटेलचं बिल काढून त्याच्या कोऱ्या बाजूला त्या इमारतीची कमान काढायला लागले. मला म्हणाले, असू दे बेटा, इमारत तर पाहिली. तो कागद आज पण आमच्या फ्रिजवर लावलेला आहे आणि रोज सकाळी दूध काढताना मला दिसतो.

चूक कशी झाली तेही सांगते कारण तुमची पण होऊ शकते. मी छान एक्सेल शीट केली होती, ट्रेन, हॉटेल, पत्ते, सगळं. तारखांचा रकाना होता, वाराचा नव्हता. म्युझियम आठवड्यातून एक दिवस बंद असतं हे मला माहीत होतं, मी बघितलंही होतं, पण तारीख कुठल्या वारी येते ते हॉटेलच्या साइटवरच्या कॅलेंडरवर बघितलं आणि तिकडच्या कॅलेंडरमध्ये पहिला रकाना सोमवारचा असतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पहिला वार रविवार, डोळ्याला तीच सवय, त्यात वरती वारांची नावं त्यांच्या भाषेतलं एकेक अक्षर. एक वार सरकला. बस, एवढंच. अजब बंगला, म्हणजे आमचं नागपूरचं म्युझियम, सोमवारी बंद असतो हे नागपुरातल्या पोरासोरांना माहीत आहे, आणि सात समुद्र ओलांडून गेलो तेव्हा मात्र मी वार बघितला नाही. आपल्याकडे केस कापायला, नवीन गाडी आणायला वार बघतात, मग लाखभर रुपयांची तिकिटं काढताना बघायला काय हरकत आहे?

तर वार. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद. तिथलंच ओर्से सोमवारी बंद. मोनेची वॉटर लिलीज जिथे दोन लंबगोल खोल्यांच्या भिंतींवर आहेत ते ओरांजरी परत मंगळवारी बंद. म्हणजे एकाच शहरातली तीन म्युझियम आणि सुट्टीचे वार वेगळे, पॅरिसला सोम-मंगळ असे दोनच दिवस असतील तर आधी कागदावर जुळवा, नाहीतर सोमवारी ओर्सेच्या दारात आणि मंगळवारी लूव्रच्या दारात उभे राहाल. फ्लोरेन्सची उफिझी सोमवारी बंद, आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादेमिया पण सोमवारीच. व्हॅटिकनचं म्युझियम रविवारी बंद, फक्त महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडं आणि फुकट, त्यामुळे त्या दिवशी गर्दी अशी की मी तरी कुणाला जा म्हणणार नाही. माद्रिदला प्रादो सातही दिवस उघडं पण पिकासोचं गेर्निका जिथे आहे ते रेइना सोफिया मंगळवारी बंद. अॅम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम मात्र वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन म्युझियम, बुधवारी बंद. हे सगळं मी आता तोंडपाठ केलंय, पण माझ्यावर विसंबू नका, जायच्या आधी त्यांच्या स्वतःच्या साइटवर बघा, कारण वेळा बदलतात, संप होतात.

आणि वारासोबत सणवार. १ मे. आपल्याला महाराष्ट्र दिनाची सुट्टी म्हणून बरेच जण तेव्हाच निघतात, आणि तिकडे तो कामगार दिन. लूव्र, ओर्से, प्रादो तिन्ही १ मेला बंद. २५ डिसेंबरला पण.

वाराचा फायदा पण करून घ्या. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत, लंडनची नॅशनल गॅलरी शुक्रवारी नऊपर्यंत. संध्याकाळी टूर ग्रुप जेवायला निघून गेलेले असतात. सोबत वयस्कर माणूस असेल तर दुपारी हॉटेलवर झोप काढून संध्याकाळी जाणं सगळ्यात बरं.

आता तिकीट. तिकीट आधी काढा, घरी बसून. दारात काढू म्हणणं हीच माझी दुसरी चूक, आणि खरं तर पहिली चूक तिच्यामुळेच पकडली गेली नाही, कारण ऑनलाइन काढायला गेली असती तर साइटने ती तारीखच दिली नसती, तिथल्या तिथे कळलं असतं! म्हणून सांगते, फुकट असलं तरी स्लॉट बुक करा. मिलानला लिओनार्दोचं लास्ट सपर बघायला फक्त पंधरा मिनिटं देतात, एका वेळी थोडेच लोक आत, आणि ती तिकिटं महिनोन्‌महिने आधी संपतात, त्याची तारीख पहिले घ्या आणि मग मिलानचं हॉटेल. रोमची बोर्गेझे गॅलरी दोन तासांच्या स्लॉटने, बुकिंगशिवाय विसरा. व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट फक्त ऑनलाइन. लूव्रचं आपल्यासारख्या युरोपबाहेरच्यांना २०२६ च्या जानेवारीपासून ३२ युरो झालंय, चार जणांचं कुटुंब असेल तर हिशोब करून ठेवा, पण अठराच्या खालच्या मुलांना फुकट आहे. म्युझियमच्या स्वतःच्या साइटवरूनच काढा, सर्च केल्यावर वरती जाहिराती येतात त्या दुप्पट पैसे लावणाऱ्यांच्या असतात, दिसायला अगदी तशाच. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव लिहायचं की नाही, यात आपला नेहमी गोंधळ होतो. आणि तिकीट हातात आलं की त्यावरचा वार परत वाचा.

पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. तुम्हाला जे चित्र बघायचंय ते त्या दिवशी भिंतीवर आहे का? मोठ्या म्युझियमची चित्रं दुसऱ्या देशात प्रदर्शनाला जातात, दुरुस्तीला जातात, कधी ते दालनच बंद असतं. साइटवर चित्राचं नाव टाकलं की बहुतेक ठिकाणी दालनाचा नंबर दाखवतात किंवा सध्या डिस्प्लेवर नाही असं लिहिलेलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे, करा.

मग घरी थोडा अभ्यास. थोडाच. पाच-सहा चित्रं ठरवा, जास्त नको, लूव्रमध्ये मांडलेल्याच वस्तू पस्तीस हजारांच्या आसपास आहेत, कुठे कुठे बघाल? आणि आकार बघून ठेवा. हे मला बाबांनी शिकवलं. पुस्तकात सगळी चित्रं एकाच आकाराची छापतात, त्यामुळे समोर गेल्यावर माणूस गडबडतो. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटर आहे, बाबांनी ऐकल्याबरोबर कपाटातून एक फुल इम्पिरियल शीट, म्हणजे ड्रॉइंगचा मोठा कागद, काढून भिंतीला लावली आणि म्हणाले, ही बघ, जवळजवळ एवढीच. आम्ही सगळे पाच फुटांवरून ती कोरी शीट बघत उभे. आणि तिच्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं चित्र आहे, बायबलमधल्या काना नावाच्या गावातल्या लग्नाचं, पावणेसात मीटर उंच, जवळजवळ दहा मीटर रुंद, म्हणजे सव्वासातशे स्क्वेअर फूट, आपल्याकडचा एक टू-बीएचके भिंतीवर उभा केल्यासारखा. नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये व्हेनिसहून आणलं ते. मोनालिसाच्या रांगेत मोबाईल उंच करून उभी असलेली माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी असतात, तुम्ही मागे वळून बघा, रांगच नाही तिकडे. व्हर्मीरची दूध ओतणारी बाई, राइक्समध्ये, साडेपंचेचाळीस बाय एकेचाळीस, हाफ इम्पिरियलपेक्षाही लहान, तिच्यासाठी जवळ जावं लागतं. आणि त्याच म्युझियममधला रेम्ब्रांटचा नाइट वॉच १६४२ चा, तो १७१५ मध्ये दुसऱ्या इमारतीत नेताना भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापला, हे माहीत असलं की डावीकडे मोकळी जागा का कमी वाटते ते कळतं. असं एकेका चित्राचं एक वाक्य पुरे.

चष्मा. जवळचा आणि लांबचा दोन्ही, आणि पर्समध्ये, बॅगेत नाही, कारण पाठीवरची बॅग बहुतेक ठिकाणी लॉकरमध्ये ठेवायला लावतात आणि चष्मा तिच्यातच राहतो. बीपीच्या गोळ्या पण अंगावर. लॉकरला कुठे कुठे नाणं लागतं, सुटे युरो ठेवा. सेल्फी स्टिक घरीच. छत्री पण बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

बूट वापरलेले घ्या, नवीन नको. आपण नागपूरकर, पंचेचाळीस डिग्रीत गावभर फिरलेलो, आपल्याला चालायचं काय कौतुक असं मलाही वाटायचं, पण म्युझियमची फरशी वेगळी असते, दोन पावलं चालायचं आणि थांबायचं, असं चार तास, कंबर जाते. गुडघ्याचा त्रास असेल तर माहितीच्या काउंटरवर व्हीलचेअर मागा, लूव्रसारख्या ठिकाणी फुकट देतात, लाजू नका, बाबा आधी नाही नाही म्हणाले आणि नंतर दुसऱ्या एका म्युझियममध्ये त्याच खुर्चीत बसून त्यांनी तासभर एकच चित्र बघितलं.

फोटो: फ्लॅश कुठेच नाही. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलमध्ये आणि प्रादोत फोटोच नाही. सिस्टिनला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेसवर ओढणी असली की प्रश्न नाही. चित्र काढणारं कुणी असेल तर पेन्सिल आणि छोटी वही द्या, बहुतेक ठिकाणी चालतं, पेन आणि रंग नाही.

त्या दिवशी: पोटभर खाऊन जा. आतलं कॅफे महाग. पाकीट मेट्रोत सांभाळा. स्लॉटच्या आधी अर्धा तास. आत गेल्याबरोबर ठरवलेलं पहिलं चित्र, दुकान शेवटी. थकलात की निघा. चार्जर.

व्हिसा, विमा, फॉरेक्स तुम्हाला माहीत आहे, सोडते.

आम्ही पुढच्या मेमध्ये परत जातोय, त्याच शहरात, बाबांना घेऊन. या वेळी एक्सेलमध्ये तारखेच्या आधी वाराचा रकाना आहे, तिकीट काढून झालंय, गुरुवारचं, सकाळी साडेदहाचं. प्रिंट बाबांना दिली तर ते उठून भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेले आणि त्या तारखेवर बोट ठेवून वारापर्यंत नेलं, आणि मग मला हाक मारली, ये, तू पण बघ.