परदेशातलं बिऱ्हाड स्वस्तात गावी कसं आणावं: हिशोब घराच्या उंबऱ्यापासून उलटा धरा

शारजातल्या कार्गोवाल्याने मला दर सांगायच्या आधी पिनकोड विचारला. 445 ने सुरू होणारा आकडा सांगितला, तर कॉम्प्युटरकडे बघत तो म्हणाला, "ओडीए आहे." म्हणजे आउट ऑफ डिलिव्हरी एरिया. पाटीवर 'डोअर टू डोअर' लिहिलेलं, पण त्या दरात माझं दारच बसत नव्हतं. सामान येणार मुंबईपर्यंत, नाहीतर फार तर नागपूरपर्यंत. तिथून दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत कसं न्यायचं ते माझं मी बघायचं.

सहा वर्षं एसी दुरुस्तीचं काम करून मी परतलो, तेव्हा हे उलगडायला दोन महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून क्रमाने सांगतो.

आधी शेवटचा टप्पा ठरवा

बहुतेक जण तिकडच्या गोदामापासून हिशोब मांडतात आणि गावाजवळ येऊन फसतात. तुम्ही उलटं करा. कागदावर लिहा: घर, फाटा, तालुका, नागपूर किंवा अकोला, मुंबई. घरच्या कुणाला तरी तालुक्याच्या ठिकाणी पाठवून छोटा हत्तीवाल्याचं भाडं विचारून घ्या. मुंबईहून तुमच्या भागात नेहमी गाड्या आणणारा ट्रान्सपोर्टवाला कोण, हेही विचारा. समृद्धी महामार्ग नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर पूर्ण सुरू झाल्यापासून कारंजा लाडसारख्या ठिकाणी माल उतरवून घेणं सोपं झालंय. वरुड-मोर्शीची संत्री किंवा कापसाच्या गठाणी घेऊन गेलेली गाडी परत यायचीच असते. त्या गाडीत चार खोक्यांची जागा असेल तर भाड्यात घासाघीस होते.

महिनाही बघा. खोकी जुलै-ऑगस्टात पोहोचतील असं करू नका. आमच्या घराकडे पांदण आहे आणि काळ्या मातीत पावसाळ्यात छोटा हत्ती काय, मोटरसायकलही रुतते. दिवाळीनंतर रस्ता वाळलेला असतो.

काय आणायचं, काय विकायचं

माझा नियम साधा होता. तीच वस्तू यवतमाळात नवी केवढ्याला मिळते ते विचारायचं. आणण्याचा सगळा खर्च त्या किमतीच्या अर्ध्यावर गेला की वस्तू तिकडेच विकायची. पलंग, गादी, कपाट, फ्रिज यांचा प्रश्नच मिटला. टीव्हीचा मोह सगळ्यांना होतो, पण 2016 च्या बॅगेज नियमांत फ्लॅट टीव्हीला साधी करसवलत मिळत नव्हती आणि प्रवासात पहिला फुटतो तोच. राहिली माझी हॅमर ड्रिल, गेज, पाने, जाड बुडाची भांडी, शिलाई मशीन, मुलीची पुस्तकं आणि ब्लँकेटं. आखाती ब्लँकेटाशिवाय परतलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी परदेशातून आला म्हणत नाही!

विजेचंही बघून घ्या. अमिरातीतली उपकरणं आपल्या 230 व्होल्टवर चालतात, फक्त चौकोनी तीन पिनांचा प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतली 110-120 व्होल्टची मिक्सर, इस्त्री मात्र सरळ तिकडेच वाटून टाका. ट्रान्सफॉर्मर घेऊन ती चालवणं म्हणजे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला.

वजन आणि आकार: पैसा इथेच वाचतो

जहाजाच्या सामायिक कंटेनरमध्ये, ज्याला एलसीएल म्हणतात, घरगुती सामानाचं भाडं आकारमानावर लागतं. एकक घन मीटर, बोलताना सीबीएम. विमानाच्या कार्गोत खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून 6000 ने भागलं की ते वजन किलोत येतं. कुरिअर कंपन्या बहुधा 5000 ने भागतात, म्हणजे आकडा आणखी फुगतो.

माझी खोकी 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरची होती. एकाचं आकारमान 0.1215 घन मीटर, आठ खोक्यांचं मिळून 0.97. एलसीएलमध्ये बऱ्याच ठिकाणी किमान एका सीबीएमचे पैसे घेतातच, म्हणून तीनच खोकी पाठवण्यात अर्थ नव्हता आणि नववं भरलं असतं तर पुढच्या सीबीएमचा खर्च सुरू झाला असता. त्याच खोक्यात ब्लँकेटं भरली तर खरं वजन नऊ किलो, पण एअर कार्गोवाला सव्वावीस किलोचे पैसे मागतो. भांडी आणि हत्यारं भरली तर अठ्ठावीस किलो भरतात, आणि जहाजाला त्याचं काहीच वाटत नाही.

म्हणून वाटणी अशी करा: जड आणि लहान ते जहाजाने, हलकं आणि फुगीर ते स्वतःबरोबर चेक-इन बॅगेत. बॅगेला विमान कंपनी वजन लावते, तिथे 6000 चा भागाकार नसतो. फक्त लांबी, रुंदी, उंचीची बेरीज साधारण 158 सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि एका नगाचं वजन 32 किलोच्या वर जाऊ देऊ नका. जादा वजन आधीच ऑनलाइन विकत घ्या. काउंटरवर तेच बरंच महाग पडतं. शारजाहून नागपूरचं थेट विमान मिळालं तर मुंबई ते विदर्भ हा टप्पाच वाचतो. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या पिशवीत ठेवा. जहाजाच्या खोक्यातही घालू नका.

हवा काढायच्या पिशव्यांनी ब्लँकेट चपटं होतं, वजन तेवढंच राहतं. म्हणजे त्या पिशव्यांचा फायदा जहाजाने पाठवताना, विमानाच्या बॅगेत फक्त जागा वाचते.

दर विचारताना हे लिहून घ्या

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. एका कार्गोवाल्याने मला इतका कमी दर सांगितला की मी खूश झालो. पैसे भरले, सामान गेलं आणि मुंबईला पोहोचल्यावर डीओ चार्ज (माल सोडायच्या डिलिव्हरी ऑर्डरचे पैसे), हाताळणी, गोदाम, एजंटची फी अशी यादी आली. ती मूळ भाड्यापेक्षा मोठी होती. त्याचं नाव घेत नाही, कारण हा धंद्यातला सर्रास प्रकार आहे. तेव्हा दर मागताना एवढंच विचारा: "कस्टम्समधून सुटून माल माझ्या हातात येईपर्यंत एकूण किती?" उत्तर व्हॉट्सअपवर लेखी घ्या. तीन ठिकाणी विचारा आणि भारतातल्या बाजूचे चार्ज वेगळे मांडून तुलना करा.

मित्रांचं सामान आपल्या खोक्यात घेऊ नका. सवलत तुमच्या पासपोर्टवर आणि तुमच्याच सामानाला असते. चौघांनी मिळून खर्च वाटायचाच असेल तर मुंबईपासूनच्या गाडीचा वाटा.

कस्टम्सचे कागद

मागून येणाऱ्या सामानाला 'अनअकंपनीड बॅगेज' म्हणतात. विमानतळावर प्रवाशाला मिळणारी सर्वसाधारण करमाफी या सामानाला लागू होत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. यात मोफत सुटतं ते स्वतःचं वापरलेलं सामान. कायमचं परतणाऱ्याला 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची वेगळी सवलत असते. तिची रक्कम तुम्ही बाहेर किती काळ राहिलात त्यावर ठरते. 2016 च्या बॅगेज नियमांत दोन वर्षांवर राहिलेल्याला 5 लाख रुपयांपर्यंत सूट होती. अट अशी, की आधीच्या दोन वर्षांत भारतातल्या सुट्ट्या एकूण सहा महिन्यांच्या वर नसाव्यात. हे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून निघण्याच्या महिन्यात कस्टम्सच्या वेबसाइटवर चालू नियम वाचा. सवलतीबाहेरच्या सामानावरचा कर अधिभारासह कित्येक वर्षं 38.5 टक्के होता, एवढं लक्षात ठेवलं तरी नवाकोरा माल भरायची हौस फिटते.

2016 च्या नियमांप्रमाणे सामान तुम्ही भारतात उतरल्यापासून एका महिन्याच्या आत तिकडून रवाना व्हायला हवं. आधी पाठवलं तर ते तुमच्या येण्याच्या दोन महिन्यांहून जास्त आधी पोहोचू नये. मी आधी पाठवलं होतं. सामान उतरलं तेव्हा मीही आलेलो होतो, पण भाचीच्या लग्नात, आणि मूळ पासपोर्ट घरच्या कपाटात. एजंटला तो दाखवायला हवा होता. पासपोर्ट मुंबईला जाईपर्यंत गोदामाचं भाडं रोज चढत राहिलं. तेवढे दिवस तारखा मोकळ्या ठेवा.

यादी इंग्रजीत, खोक्यांना क्रमांक देऊन करा. 'घरगुती सामान' एवढं लिहिलं की खोकं उघडलंच म्हणून समजा. 'खोकं 3: जुना कुकर 1, जुनी कढई 2, अंदाजे किंमत अमुक दिरहम' असं लिहा. यादीच्या तीन प्रती ठेवा. सोनं आणि मूळ कागदपत्रं यांतलं काहीही खोक्यात टाकू नका.

मुंबईपासून गावापर्यंत

ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पावती, घ्या. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तरी कस्टम्सच्या पावतीची आणि यादीची झेरॉक्स ड्रायव्हरजवळ द्या, नाक्यावर वाद होत नाही. रेल्वे पार्सल स्वस्त पडतं, पण बुकिंग अकोला, बडनेरा, नागपूर अशा मोठ्या स्थानकाचंच करा. गाडी दोन मिनिटं थांबते तिथे सहसा पार्सल उतरवत नाहीत.

माझी आठ खोकी फाट्यापर्यंत छोटा हत्तीने आली आणि तिथून दीड किलोमीटर चुलत्याच्या बैलबंडीत. आई ओसरीत बसून मोजत होती. "कायले आणलं बाप्पा एवढं लोढणं?" असं म्हणाली आणि ब्लँकेट बाहेर निघाल्यावर गप्प झाली.

सही मात्र खोकी उतरल्याबरोबर करू नका. प्रत्येक खोकं चारी बाजूंनी बघा, फोटो काढा आणि दबलेलं, भिजलेलं असेल तसा शेरा पावतीवर लिहा. मराठीत लिहिला तरी चालतो. मी 'खोकं क्र. 6, एक कोपरा दबलेला' एवढंच लिहिलं होतं. रात्री उघडलं तर त्याच कोपऱ्यातल्या काचेच्या तीन बरण्या फुटलेल्या निघाल्या, आणि भरपाई मागताना माझ्या हातात तेवढी एक ओळ होती.