क्लस्टर बाहेर काढण्याआधी

नव्या हातांना क्लस्टर (स्टीअरिंगसमोरचा काटे आणि डिस्प्लेचा मीटर) बिघडलेली गाडी मिळाली की स्क्रूड्रायव्हर थेट डॅशबोर्डकडे जातो. थोडं थांबा. बऱ्याचदा क्लस्टर बरा असतो आणि खोलताना तुटलेल्या क्लिपाच नवं दुखणं होऊन बसतात.

आधी नीट बघा, काय काय बंद आहे. एकच काटा पडलाय? मग त्याचा सेन्सर, त्याची वायर किंवा काट्यामागची स्टेपर मोटर. सगळे काटे एकदम नाचतायत, डिस्प्ले विझून पुन्हा लागतोय? मग सप्लाय, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट) किंवा कॅन लाइन (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांना, म्हणजे मॉड्यूलना, आपसात जोडणाऱ्या दोन वायरी). स्कॅनरमध्ये क्लस्टरची ॲक्च्युएटर टेस्ट (स्कॅनरच्या हुकमावर काटे फिरवून बघणं) असेल तर ती चालवा. काटे टोकापर्यंत जाऊन परत आले, तर मोटरी ठणठणीत आहेत आणि क्लस्टरपर्यंत माहितीच पोचत नाहीये. ‘यू ०१५५’ कोड दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नका. क्लस्टरशी बोलणं तुटलंय, एवढंच इतर मॉड्यूल सांगतायत. का तुटलंय, हे त्यांनाही माहीत नसतं.

आता तो सापळा, ज्यात मीही चांगलाच अडकलो होतो. कपलर (क्लस्टरमागे वायरी जोडणारा प्लग) काढायचा, पिनवर मल्टिमीटर लावायचा, १२.५ व्होल्ट दिसले की ‘सप्लाय ओके’. अर्थला बझर वाजला की ‘अर्थ ओके’. आणि मग दोष क्लस्टरच्या माथी. हे तपासणं म्हणजे रिकामी शिडी भिंतीला लावून ती मजबूत आहे म्हणणं. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो वायरीतून जेमतेम सव्वा मायक्रोॲम्पिअर करंट ओढतो. वाटेत गंजलेल्या पिनेचा १००० ओहम रोध असला, तरी एवढ्याशा करंटला व्होल्टेज पडतं एखादा मिलिव्होल्ट. आकडा १२.५ चाच राहतो. पण क्लस्टरने अर्धा ॲम्पिअर मागितला की फक्त ४ ओहमच्या अडथळ्यात २ व्होल्ट गायब. बझरचंही तेच. बऱ्याच मल्टिमीटरमध्ये तो काही दहा ओहमपर्यंत खुशाल वाजतो. एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा त्याला धडधाकट वाटते.

म्हणून कपलर जागेवर ठेवूनच मोजायचं. इग्निशन, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (पोस्टवर, वरच्या क्लॅम्पवर नाही), लाल प्रोब मागच्या बाजूने क्लस्टरच्या अर्थ पिनला. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष हाती लागला. मग लाल प्रोब बॅटरीच्या दिशेने एकेक जोड पुढे सरकवा: कपलर, बॉडीवरचा बोल्ट, बॅटरीचा क्लॅम्प. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्याच्या आणि मागच्या जागेच्या मधेच घाण आहे. पॉझिटिव्हलाही असंच, बॅटरी पॉझिटिव्ह आणि सप्लाय पिन यांच्यामध्ये. कायमचा सप्लाय आणि इग्निशनचा सप्लाय वेगवेगळे मोजा. एकच मोजून मोकळं होणारे पुष्कळ आहेत.

कपलर काढूनच तपासायची वेळ आली, तर ५ वॅटचा बल्ब भार म्हणून लावा. पण फक्त फ्यूजवरून येणाऱ्या सप्लायला आणि अर्थला. सिग्नलच्या किंवा कॅनच्या वायरीला टेस्ट बल्ब लावलात तर मॉड्यूल उडू शकतं. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हात लावायचाच नाही.

कॅनचं काम तुलनेने सोपं. बॅटरी सोडून, मॉड्यूल झोपल्यावर (पूर्ण बंद झाल्यावर) कॅनच्या हाय आणि लो या दोन वायरींमध्ये रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला बसवलेले रोध) असलेल्या लाइनवर ६० च्या आसपास यायला हवा. १२० आला तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आला तर वायरी एकमेकींना चिकटल्यात.

‘दुसरा क्लस्टर लावून बघ’ हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. असं सांगणारे उस्ताद मला फारसे आवडत नाहीत, कारण दुसऱ्या क्लस्टरने फरक पडला तरी का पडला हे ते सांगत नाहीत. कपलर काढून परत बसवताना पिना घासल्या गेल्या, एवढंच कारण असू शकतं. शिवाय काही गाड्यांत इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) डेटा क्लस्टरमध्येच असतो. तिथे परका क्लस्टर लावला की गाडी स्टार्टच होत नाही. किलोमीटरचा आकडाही परक्या गाडीचा येतो, आणि तो ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पहिल्या काही गाड्यांना वेळ लागणारच, आणि मागून कुणीतरी ‘झालं का?’ विचारत राहणार. विचारू दे. वायरिंग डायग्राम समोर ठेवा, मोजलेला प्रत्येक आकडा त्याच्यावरच पेन्सिलीने लिहा.

एवढं करून सप्लाय आणि अर्थ भाराखाली नीट आले आणि कॅनही बरोबर निघाली, तरच क्लस्टर उघडा. आधी कपलरच्या पिनांचं सोल्डर भिंगातून बघा. पिनेभोवती बारीक गोल भेग दिसली की तिथे नवं सोल्डर द्या. काटे मात्र उगाच उपटू नका. काढावेच लागले तर आधी त्यांच्या जागेचा फोटो घ्या.