दगडफूल आणि शीळकरी कस्तूर यांची तुलना: या चुका टाळा

पर्यावरण प्रकल्पासाठी सह्याद्रीतली ही जोडी झकास आहे. एक गोडा मसाल्यात पडतं, दुसरा पक्षी, पावसाळ्यात भल्या पहाटे ओढ्याकाठी अगदी माणसासारखी शीळ घालतो. पण तक्ता आखायला घेतला की ठरलेल्या गडबडी होतात.

सगळ्यात मोठी पहिल्याच ओळीत: दगडफुलापुढे ‘सृष्टी: वनस्पती’. दगडफूल हे शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. बुरशी आसरा देते, शैवल उन्हात अन्न तयार करतं. १८६०च्या दशकात सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने हे मांडलं, तेव्हा शैवाकांच्याच जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं होतं. शैवाकाला मिळतं ते शास्त्रीय नाव त्यातल्या बुरशीचं. म्हणून दगडफुलाचं शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पर्लाटम लिहिलंत, तर सृष्टी कवक, संघ अ‍ॅस्कोमायकोटा, कुल पार्मेलिएसी. शैवलासाठी वेगळी ओळ ठेवा. आणि वाण्याकडच्या पुडीत बरेचदा दोन-तीन जातींची सरमिसळ असते, तेव्हा एक तुकडा भिंगाखाली धरा: वरून राखाडी, खालून काळा, कडांना पिठूळ भुकटी आणि बारीक काळे केस दिसले तरच हे नाव लिहायचा विचार करा.

कस्तुराच्या बाबतीत जुनी पुस्तकं फसवतात. त्यांत तो थ्रश पक्ष्यांच्या कुलात आहे; आता त्याला मस्किकॅपिडी, म्हणजे माशीमारांच्या कुलात धरतात.

अधिवासात ‘दगडावर’ आणि ‘जंगलात’ एवढं लिहून भागत नाही. मसाल्याचं दगडफूल मुख्यतः झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं. कस्तुराला वाहतं पाणी आणि कातळ हवा. घरटं ओढ्यालगतच्या कपारीत.

संवर्धनाचा रकाना तर हमखास चुकतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत (कोणत्या जातीला किती धोका आहे ते सांगणारी यादी) कस्तूर ‘कमी चिंताजनक’ आहे, ते ठीक. पण एखादं शैवाक यादीत सापडलं नाही की मुलं ‘धोका नाही’ लिहून मोकळी होतात. जगातले जवळपास सगळे पक्षी त्या यादीसाठी तपासून झालेत, शैवाकं मात्र फारच थोडी. तिथे ‘मूल्यांकन झालेलं नाही’ असंच लिहा. शैवाकाची वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर, मुळं नाहीत, त्यामुळे हवेतलं सल्फर डायऑक्साइड थेट अंगात मुरतं. धोक्यांच्या ओळीत खरवडणीइतकंच हेही यायला हवं.

नमुन्यासाठी झाड खरवडू नका. दहा रुपयांच्या पुडीत प्रकल्प होतो.